कांडवेल आणि मावशीचं इंजेक्शन

"अरे, कांडवेलीची पावडर मिळाली. आता ते सहा महिन्यांचं इंजेक्शन नको ना घ्यायला?" मावशीचा पुण्याहून फोन.

कांडवेल म्हणजे चौकोनी, पेरापेरांच्या खोडाची वेल, द्राक्षाच्या कुळातली. संस्कृतात अस्थिसंहार, हिंदीत हडजोड. तमिळ घरांत तिची चटणी होते. घसा खाजू नये म्हणून चिंच घालतात.

आपलं हाड सतत पोखरलं आणि भरलं जातं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं रचतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पोखरणाऱ्यांचं पारडं जड होतं. अंडाशयं काढलेल्या माद्या-उंदरांत हीच अवस्था येते. त्यांना कांडवेलीचा अर्क दिल्यावर झीज कमी झालेली दिसली आहे. मात्र अर्क कधी अल्कोहोलमध्ये काढलेला, कधी पेट्रोलियम ईथरमध्ये. द्रावक बदलला की त्यात उतरणारी द्रव्यंही बदलतात. मग डब्यातल्या पावडरीबद्दल त्यावरून काय सांगणार? माणसांवरच्या चाचण्या तर मोजक्या आणि छोट्या.

मावशीचं इंजेक्शन डेनोसुमॅबचं. ते ऑस्टिओक्लास्ट तयारच होऊ देत नाही. पण डोस लांबला की अडवलेल्या पेशी उसळून कामाला लागतात. कमावलेली घनता झपाट्याने जाते, मणकेही मोडू शकतात. थांबवायचंच असेल तर डॉक्टर सहसा त्याजागी दुसरं औषध सुरू करतात.

"पण पावडरीने गुडघा कमी दुखतोय," मावशी म्हणाली. असेल. हाड विरळ होताना मात्र दुखत नाही, ते डेक्सा तपासणीतच कळतं. चटणी खुशाल खा म्हटलं, पावडरीचं डॉक्टरांना विचार, आणि इंजेक्शनची तारीख चुकवू नकोस.