पाण्यात साखर किती?

मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला जुलाब लागले. नर्सबाई म्हणाल्या, "ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात शीग न लावता ६ लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात." आई तर अंदाजाने घालायची. मी गुरुजींना विचारले, "विरघळलेली साखर मोजता येते का?"

साहित्य : सरबताची नळी, मेण, बारीक वाळू, पेले, साखर.

कृती : नळीचे एक तोंड मेणाने बंद केले. आत थोडी वाळू घातली. नळी साध्या पाण्यात उभी तरंगली. तिथे खूण केली. मग तीन पेल्यांत १, ३ व ५ चमचे साखर विरघळवून खुणा केल्या.

निरीक्षण : साखर वाढली तसे पाणी जड झाले आणि नळी वर आली. गुरुजींनी वनखात्याला विचारून आपल्या तळ्याचे पाणी आणले होते. त्यात नळी १ चमचा साखरेच्या खुणेजवळ थांबली! सगळे हसलो. तळ्यात साखर कुठली? ते तर क्षार! हळदीचा कागद त्यात लाल झाला, साखरेच्या पाण्यात पिवळाच राहिला.

अनुमान : नळी "किती" ते सांगते, "काय" ते सांगत नाही. मीठ-साखर एकत्र झाल्यावर ती फसते. म्हणून आधीच चमच्याने मोजून घालावे.

भाऊ बरा झाला. आमच्या घरी आता मापाचा चमचा डब्याला दोरीने बांधलेला आहे. तुम्हीही बांधा.