अळंबीची पारख

श्रावणसरी ओसरून भाद्रपदाचे ऊन रानात उतरू लागले म्हणजे वारुळांवर, पालापाचोळ्यात व कुजक्या ओंडक्यांवर अळंबीची छत्रे डोकावू लागतात. कोकणात व गोव्यात वारुळावरील अळंबी मोठ्या आवडीने खातात. परंतु प्रत्येक छत्र खाण्याजोगे नसते. म्हणून तिची पारख कशी करावी, हे आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

अळंबी ही वनस्पती नव्हे, बुरशी होय. तिच्यात हरितद्रव्य नसल्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. दिसते ते छत्र केवळ तिचे फळ. खरे शरीर म्हणजे भूमीत पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे. वारुळातील वाळवी तर चघळलेल्या पाचोळ्याच्या थरावर या बुरशीची जणू शेतीच करते. तिच्या छत्राचा देठ मुळासारखा खोल त्या थरापर्यंत गेलेला असतो. या जातींच्या गणास १९४२ साली 'टर्मिटोमायसीज' हे नाव मिळाले.

परीक्षेसाठी छत्र वरून खुडू नये. बुडापासून हलकेच खणून काढावे. छत्राखालील पापुद्र्यांचा रंग, देठावर कडे आहे काय व बुडाशी वाटी आहे काय, हे पाहावे. नंतर देठ कापून छत्र अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर पालथे घालून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसेल. वारुळावरील अळंबीचा ठसा गुलाबीसर असतो. कुरणात उगवणाऱ्या एका विषारी छत्राचा ठसा हिरवट असतो. पांढरा ठसा, देठावर कडे व बुडाशी वाटी ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळली तर ते छत्र प्राणघातक असू शकते.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, किंवा किड्यांनी छत्र खाल्ले आहे, म्हणजे ते निर्विष, ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. युरोपातील 'मृत्युछत्रा'चे विष शिजवूनही नाहीसे होत नाही. ओकाऱ्या व जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतात. मग रोग्यास बरे वाटू लागते, आणि त्याच वेळी आत यकृताचा नाश होत असतो. पूर्व आशियातून परदेशी गेलेल्या काहींनी, मायदेशीची पेंढ्यावरील अळंबी समजून, हेच छत्र खाल्ले व प्राण गमावले. एका मुलखातील अनुभव दुसऱ्या मुलखात उपयोगी पडेलच असे नाही, हा यातील बोध होय.

म्हणून विद्यार्थ्यांनी ठसे घ्यावेत, चित्रे काढावीत, नोंदी ठेवाव्यात. पण केवळ हा लेख वाचून एकही छत्र चाखू नये. पालकांनीही संशय असेल ते टाकून द्यावे. चुकून कोणी खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता, उरलेला तुकडा बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. ईश्वराची सृष्टी पाहण्याचा आनंद मोठा आहे. परंतु जिभेपूर्वी डोळ्यांनी व बुद्धीने काम करावे, हेच शहाणपण.