टाकीच्या कपाळावरचे टवके



ताईने तुझ्या मोटरसायकलचे फोटो पाठवले आणि तू सिरॅमिक कोटिंगसाठी पैसे साठवतो आहेस असंही कळवलं. फोटो नीट पाहिले आणि रंगापेक्षा तुझीच काळजी लागली. टवके कुठे उडालेत ते बघ. इंजिनापुढच्या नळीवर किंवा सायलेन्सरच्या बेंडवर असते, तर ती तुझ्याच पुढच्या चाकाने उडवलेली खडी. मडगार्डखाली रबरी फ्लॅप लाव म्हणून विषय संपवला असता. पण तुझे टवके हेडलाइटच्या काठावर, आरशांच्या पाठीवर आणि टाकीच्या कपाळावर आहेत. तिथवर आपलं चाक खडा क्वचितच फेकतं. तो पुढच्या गाडीच्या चाकाखालून येतो, नाहीतर तिच्या हौद्यातून. म्हणजे हातखंब्यापासून चिपळूणपर्यंत तू डंपरच्या मागे चिकटून येतोस. हे मला अजिबात पटलेलं नाही.

सिरॅमिक कोटिंगचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. त्यावर पाणी ठरत नाही, चिखल लवकर सुटतो, पण खड्याचा मार त्याने अडत नाही. मार झेलते ती पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची. मूळ रंगाचे सगळे थर मिळूनही बहुधा याहून पातळच असतात. तेव्हा पैसे घालायचेच तर टाकीच्या पुढच्या भागावर, गुडघे घासतात तिथे आणि हेडलाइटवर फिल्म लावून घे. त्याआधी टवके स्वच्छ करून, गंज असेल तर काढून, प्रायमर आणि टच-अप रंगाचे पातळ हात दे आणि तो पुरता वाळू दे. टाकी पत्र्याची आहे आणि तू रत्नागिरीत समुद्राच्या हवेत राहतोस. उघडा राहिलेला ठिपका रंगाखालून पसरत जातो. टाकीवरचं रेक्झिनचं कव्हरही काढून टाक. त्याखाली धूळ आणि ओल अडकते आणि गाडी थरथरली की तीच धूळ रंग घासत राहते.

पण फिल्म लावली म्हणून अंतराचा प्रश्न सुटत नाही. चाकाने उडवलेला खडा बराचसा हवेत वर जातो आणि आपण वेगाने त्याच्यावर जाऊन आदळतो, त्यामुळे आघात मुख्यतः आपल्याच वेगाचा असतो. ६० ऐवजी ८०चा वेग असेल तर त्या आघाताची ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. दीड मीटर उंच उडालेला खडा मात्र साधारण सेकंदाभरात पुन्हा जमिनीवर येतो. म्हणून तीन सेकंदांचं अंतर ठेव. ६०च्या वेगाला ते सुमारे ५० मीटर होतं. तेवढ्यात उडालेलं बहुतेक सगळं खाली बसतं, आणि डंपरच्या सावलीत लपलेला खड्डाही तुला वेळेवर दिसतो. टाकीच्या कपाळाला लागलेला खडा हातभर वर उडाला असता तर तुझ्या गळ्याला लागला असता. फोटो पाहताना मला सारखं तेच दिसत होतं.

तू म्हणशील, एवढी जागा सोडली की मध्ये कोणीतरी घुसतंच. घुसू दे, पुन्हा मागे हो. दर वेळी तीन सेकंद जातात. वाटेत दहा जण घुसले तरी अर्धा मिनिट. सुमारे ९० किलोमीटरच्या रस्त्यात तेवढ्याने घरी पोहोचायला उशीर होत नाही. ओव्हरटेक करून सुटावं, हेही खरं, पण समोरचा रस्ता स्वच्छ दिसत असेल तरच. आणि डंपरला चिकटलेल्या माणसाला तो दिसत नाही. रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात तर सुटी खडी सगळीकडे पसरलेली असते, तिथे घाई करून काहीच साधत नाही.

रागावलो असं वाटलं असेल तर मनात ठेवू नकोस. आमच्या पिढीला गाडी चकाचक पुसायची सवय लावली, पण रस्त्यावर अंतर राखायला कुणी शिकवलं नाही, याची मला फार खंत वाटते. म्हणून इतकं लांबण लावलं. गाडीवर तुझा जीव आहे, आणि तू ती किती जपतोस ते त्या फोटोंतही दिसतं. कोटिंगचे पैसे तसेच राहू दे. फिल्मचा खर्च मी पाठवतो, फक्त दुकानात दर विचारून कळव. शनिवारी उजेड असतानाच नीघ आणि संगमेश्वरला चहाला थांबलास की ताईला फोन कर. ती तोवर जेवत नाही, हे ती तुला कधी सांगायची नाही.

तुझा,
मामा