नागपूरला कोणी कोणाच्या डोक्यावर हात ठेवले?

आजचे वाचन: फिलिप्पैकरांस पत्र 2:1-11 आणि 4:2-3



दुसरा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांना जवळजवळ पाठ आहे. ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभापर्यंत नम्र झाला. युवक सभेत यावर संदेश झाला नाही असं वर्ष जात नाही. पण हे पत्र ज्या मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं, तिथे युवदीया आणि सुंतुखे या दोघी बसलेल्या होत्या, हे वाचताना आपण विसरतो. चौथ्या अध्यायात पौल त्यांची नावं घेतो. दोघीही सुवार्तेसाठी त्याच्या बरोबरीने झटलेल्या, आणि दोघींचं आपसात जमत नव्हतं.

भांडण कशावरून होतं ते पौल लिहीत नाही. बरोबर कोण होती तेही लिहीत नाही. तो फक्त विनंती करतो, आणि ती प्रत्येकीला स्वतंत्र करतो. एकीला आधी समजावलं आणि दुसरीला "तूही जरा" असं म्हटलं, असं नाही. वर तिथल्या एका सोबत्याला सांगतो की या दोघींना मदत कर. आमच्या कामात दोघांनी कोडची एकच ओळ बदलली की सिस्टीम थांबते आणि विचारते, कोणाची ठेवू? पौलाला हा प्रश्न फिलिप्पैला विचारता आला असता. त्याने विचारला नाही.

आता आपल्याकडचं बघू. कोल्हापूर भागातल्या जुन्या मंडळ्यांची मुळं अमेरिकन मिशनमध्ये आहेत. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे हे काम प्रेस्बिटेरियन मिशनखाली गेलं. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल याच मिशनचं. तिकडे अहमदनगरला काम होतं ते काँग्रिगेशनल परंपरेचं. 1924 मध्ये या दोन परंपरा 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' या नावाखाली एक झाल्या. म्हणजे आमच्या पणजोबांचं "प्रेस्बिटेरियन" हे नाव तेव्हाच मागे पडलं. हे नवं नावही फार टिकायचं नव्हतं, कारण 1929 मध्ये आणखी मोठ्या ऐक्याची बोलणी सुरू झाली. ती चालली 41 वर्षं!

29 नोव्हेंबर 1970, रविवार. नागपूरला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली. युनायटेड चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथॉडिस्ट. अमेरिकन परंपरेतली मोठी मेथॉडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली.

एवढी वर्षं का लागली? एक मोठी अडचण पाळकीय दीक्षेची होती. अँग्लिकनांच्या मते दीक्षा बिशपच्या हातून व्हायला हवी. आमच्याकडचे पाळक म्हणणार, आम्हाला प्रभूने पाचारण केलं, वडिलांनी हात ठेवले, इतकी वर्षं प्रभुभोजन दिलं, ते सगळं खोटं होतं का? पुन्हा दीक्षा घ्या म्हटलं असतं तर निम्मे लोक उठून गेले असते. काहीच करू नका म्हटलं असतं तर उरलेले निम्मे.

मग त्या दिवशी त्यांनी काय केलं? प्रत्येक मंडळीच्या प्रतिनिधी पाळकांवर इतर मंडळ्यांच्या सेवकांनी हात ठेवून प्रार्थना केली. अँग्लिकन बिशपसुद्धा त्यातून सुटले नाहीत. याला पुनर्दीक्षा म्हणायचं नाही असं ठरलं होतं. तुझ्यात काय कमी आहे ते मी सांगणार नाही, माझ्यात काय कमी आहे ते तू सांगू नकोस. ज्याला जे हवं ते देव देईल. काही विद्वानांना ही पळवाट वाटते. मला नाही वाटत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्याने स्वतःचं डोकं वाकवायचं, तेही ज्याची दीक्षा आपण मनातून अपुरी समजतो त्याच्यापुढे. दुसऱ्या अध्यायातल्या रिकामं होण्याच्या जवळ जाणारं उदाहरण मला आपल्या मराठी मुलुखात दुसरं सापडत नाही.

बाप्तिस्म्याच्या बाबतीतही बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा, दोन्ही रीती त्यांनी मान्य केल्या.

पण नागपूरनंतर सगळं गोड झालं असं समजू नका. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्यावर 2005 मध्ये एक निकाल आला आणि 2013 मध्ये पुन्हा एक. पौलाने पहिल्या करिंथकरांस पत्रात भावाने भावाला कोर्टात खेचण्याबद्दल काय लिहिलंय ते सहाव्या अध्यायात वाचा.

शिरोळकरांना हे वेगळं समजावायला नको. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि तिथून पुढे नाव फक्त कृष्णेचं. एरवी शांत संगम. पण कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा येतो, आणि बुडतात ती मधली गावं. 2005, 2019, 2021, तिन्ही पूर आपण पाहिलेत. मंडळीतही कमिटी आणि पाळक, नाहीतर जुनी मंडळी आणि नवी फेलोशिप, एकमेकांना वाट देत नाहीत तेव्हा पाणी मागच्या बाकांवरच्या साध्या माणसांच्या घरात शिरतं.

आपल्या पिढीत तर हे घराघरात आलंय. एक भाऊ गावच्या चर्चमध्ये, दुसरा पुण्यात नव्या फेलोशिपमध्ये. धाकटा पुन्हा बाप्तिस्मा घेतो, थोरल्याला नामधारी म्हणतो. थोरला त्याला भरकटलेला म्हणतो. नाताळला दोघं एका ताटात करंज्या खातात, पण प्रभुभोजनाला एका मेजाशी येत नाहीत. आणि आई दोघांसाठी प्रार्थना करते.

बाप्तिस्म्याचा वाद घरी बसून मिटणार नाही, तो 41 वर्षांतही पूर्ण मिटला नव्हता. पण या आठवड्यात अशा भावाला किंवा बहिणीला फोन करून एवढंच म्हणून बघा: "दादा, माझ्यासाठी प्रार्थना कर." मी तुझ्यासाठी करतो, असं नाही. ते सोपं असतं.

उद्या याच पत्रात 2:12 पासून पुढे वाचू.