पाणी, पाषाण आणि पाणवठा

अमरकोशात पाण्याला जी नावे दिली आहेत, त्यांत 'जीवन' हेही एक आहे. वाचकहो, आपल्या देशावरची गावे कशी वसली, हे त्या एका नावातच आले.

सह्याद्री ओलांडून पाऊस पूर्वेकडे येतो तो बराचसा रिता होऊनच. खाली जमीन कसली म्हणाल, तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण, थरावर थर! पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि मधल्या मुरमाड थरांत. गंगाकाठच्या गाळासारखे हवे तिथे खणून भागत नाही. म्हणून गाव नदीशी, नाहीतर पाणी लागलेल्या विहिरीशी चिकटून राहिले. बैलांची मोट, धाव, थारोळे हा सारा थाट त्या विहिरीभोवती उभा राहिला.

आता वस्तू थोडी म्हटली, की वाटणी आलीच. नदीच्या वरच्या अंगाचे पाणी वरच्या जातींना, खालच्या अंगाचे अस्पृश्य मानलेल्यांना. आणि विहिरीवर तर त्यांनी नुसते उभे राहायचे, कोणी ओंजळीत ओतील तेवढे खरे. कित्येक जण हे दुष्काळी मुलखाच्या माथी मारतात. आम्हांला ते पटत नाही. महाड कोकणात, तिथे पाऊस कोसळतो, शेजारून सावित्री वाहते. तरी चवदार तळे त्यांना बंदच होते! दोष कातळाचा नव्हे.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, पुढल्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले नि पाणी प्याले. मग काय, पंचगव्याने तळ्याची शुद्धी! कोर्टकज्जा होऊन हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. नाथांनी कावडीतले गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजले, हे आख्यान लावले की श्रोत्यांचे डोळे पाणावतात. तेच श्रोते आपल्या गावच्या आडावर काय करीत होते, हे विचारायला नको का?

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे कातळ फोडून खोल जाऊ लागली. सोलापूरकडे घडलेल्या मजबूत हातपंपावरून 'मार्क दोन' पंप तयार झाला आणि देशभर गेला. बायकांची पायपीट वाचली, हे मोठेच काम. पण बरं का, पंप वस्तीवस्तीत वेगळा बसवता येतो. त्यामुळे पुष्कळ गावांत तहान भागली आणि विहिरीचा प्रश्न न सोडवताच बाजूला पडला.

उन्हाळ्यात पंप कोरडा उसासतो. टँकर येतो, आणि तो रिकामा करतात कुठे? गावच्या जुन्या विहिरीत. मग साऱ्या वस्त्यांच्या घागरी पुन्हा त्याच काठावर येतात.