सब्र म्हणजे मुकेपण नव्हे

हजरत यूसुफ (अलैहि.) यांना त्यांचे भाऊ रानात नेऊ लागले, तेव्हा वडील हजरत याकूब (अलैहि.) यांनी आपल्या मनातील दोन गोष्टी त्यांना सांगितल्या. एक, मुलाच्या विरहाचे दुःख. दुसरी, लांडगा त्याला खाईल ही भीती (सूरह यूसुफ, आयत 13). दुःख वेगळे आणि भीती वेगळी, हे त्यांनी ओळखले आणि दोहोंना स्वतंत्र शब्द दिला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना ही भीती परकी नाही. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला रानात गेलेले माणूस सांजेपर्यंत परतले नाही, की घरच्यांच्या जिवाचे काय होते, हे येथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु ‘मला भीती वाटली’ असे उघडपणे म्हणणारे आपल्यात किती आहेत? कसे आहात, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : “काही नाही, ठीक आहे.”

काही माणसांच्या बाबतीत मात्र हे उत्तर संकोचाचे नसते. पोटात जळजळ, छातीवर दडपण किंवा सततची डोकेदुखी घेऊन ती अनेक दवाखाने फिरतात. तपासण्यांत फारसे काही सापडत नाही. मनाला काही लागले आहे का, असे डॉक्टरांनी विचारले, तर “नाही, फक्त पोट दुखते,” एवढेच ती सांगतात. ती खोटे बोलत नसतात. आत काय चालले आहे, हे त्यांना खरोखरच उमगत नसते.

मनावरील ताणाशी निगडित अशा शारीरिक व्याधींना मनोकायिक आजार म्हणतात. अमेरिकेतील बोस्टन येथील मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफनिओस यांना अशा अनेक रुग्णांत हीच अडचण आढळली. 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी तिला ‘ॲलेक्सिथायमिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘भावनेला शब्द नसणे’ असा आहे. हा स्वतंत्र आजार नव्हे. तो स्वभावाचा एक विशेष आहे आणि निरोगी माणसांतही कमी-अधिक प्रमाणात आढळतो. भावना ओळखता न येणे, ती सांगता न येणे आणि लक्ष सदैव बाहेरच्या घडामोडींकडेच असणे, ही त्याची तीन मुख्य लक्षणे होत.

आपली मराठी भाषा भावना शरीरातूनच सांगते. पोटात गोळा येतो, काळजात धस्स होते, घसा दाटून येतो. बोलणाऱ्याला ठाऊक असते, की हा गोळा भीतीचा आहे. वरील रुग्णांजवळ मात्र गोळा उरतो आणि भीती हे त्याचे नाव हरवते. भीतीने छाती धडधडते, स्नायू आखडतात, पचन बिघडते. भीती ओळखली, तर माणूस कुणाशी बोलतो, आधार शोधतो. न ओळखल्यास ताण कायम राहतो आणि माणूस शरीरातच रोग शोधत राहतो.

या मुकेपणाला आपण कधीकधी सब्र समजतो, हा मोठा गैरसमज आहे. पुत्रवियोगाचे दुःख हजरत याकूब (अलैहि.) यांनी गिळले आणि त्यांचे डोळे पांढरे झाले, असे पवित्र कुरआन सांगतो (आयत 84). मनाचे दुःख शरीरावर उमटते, याची याहून स्पष्ट साक्ष कोणती? परंतु ते मुके नव्हते. मुलांनी टोकले, तेव्हा आपण आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढेच मांडतो, असे त्यांनी उत्तर दिले (आयत 86). तेथे दुःखासाठी ‘बस्स’ आणि ‘हुज्न’ असे दोन शब्द आले आहेत. पहिल्याच्या मुळाशी पसरण्याचा अर्थ आहे : आत मावत नाही असे दुःख. ‘सुंदर सब्र’ हा शब्द ज्यांच्या मुखी आला (आयत 18), तेच हे प्रेषित होत.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम अखेरचा श्वास घेत होते, तेव्हा प्रेषितांचे डोळे पाणावले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आश्चर्य वाटले. प्रेषितांनी अश्रूंना रहमत म्हटले आणि आपले दुःख शब्दांतही सांगितले (बुखारी). म्हणून ‘मर्द रडत नाहीत’ ही शिकवण मुलांना देताना आपण कुणाची सुन्नत सांगतो आहोत, याचा विचार करावा.

घरात तीन गोष्टींचा सराव करता येईल.

पहिली, ओळखणे. प्रेषित (सल्ल.) ज्या गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागत, त्यांत ‘हम्म’ आणि ‘हजन’ वेगवेगळे आहेत : पुढच्याची चिंता आणि गेलेल्याचे दुःख. कर्जाच्या ओझ्याचाही तेथे स्वतंत्र उल्लेख आहे. ही दुआ म्हणताना प्रत्येक शब्दावर थांबून, यांतले आज माझ्यात काय आहे, असे स्वतःला विचारावे.

दुसरी, सांगणे. एका सहाबींनी आपले एका बांधवावर प्रेम असल्याचे प्रेषितांना सांगितले, तेव्हा ते त्या बांधवालाच जाऊन सांगण्याची आज्ञा त्यांना झाली (अबू दाऊद).

तिसरी, दुसऱ्याचे ओळखणे. हजरत आयशा (रजि.) शपथ घेताना कोणते शब्द वापरतात, त्यावरून त्यांची नाराजी प्रेषितांच्या ध्यानी येत असे (बुखारी). आपल्या घरातील अबोला आपल्याला ऐकू येतो का?

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. दुखणे मनाचे आहे, असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. कंबरदुखीला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणे हा जुलूम ठरू शकतो. आधी डॉक्टरांची तपासणी, आणि गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला, हा क्रम पाळावा. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. दुआ आणि उपचार परस्परविरोधी नाहीत. दहाव्या शतकात दिवंगत झालेले मुस्लिम विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला होता.

ज्याला शब्द सापडत नाहीत, त्याचा ईमान कमकुवत म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे, घाई करू नये. “भीती वाटते का? की राग आला आहे?” असे हळुवार विचारून एकेक शब्द त्याच्यापुढे ठेवावा. अल्लाहला मनातले न सांगताही कळते. तरीही त्याने आपल्याला दुआ मागायला शिकवले. सांगण्याची गरज आपल्याला आहे.