दोन बँका एक होतात, तेव्हा कामाला कोण लागतं?

३० ऑगस्ट २०१९ला सरकारी बँकांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली, तेव्हा एक मुद्दा मुद्दाम मांडला गेला होता: एकत्र येणाऱ्या बँकांची कोअर बँकिंग सिस्टीम, म्हणजे सगळ्या शाखांची खाती सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर, सारखी आहे. पंजाब नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड या तिन्ही बँका फिनॅकल या सॉफ्टवेअरवर. इंडियन आणि अलाहाबाद बॅन्क्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर. म्हणजे काम सोपं, असं आपल्याला वाटतं. पण बडोदा, विजया आणि देना बँकाही फिनॅकलवरच होत्या. त्यांचं विलीनीकरण १ एप्रिल २०१९ला झालं आणि सगळ्या शाखा एका सिस्टीमवर यायला डिसेंबर २०२० उजाडला. मध्ये कोविड आला हे खरं, तरी एवढा वेळ का लागतो हे समजलं की सॉफ्टवेअर आर्किटेक्टचं काम समजतं.

समजा, एका आजोबांची मुदतठेव दोन्ही बँकांत आहे. विलीनीकरणानंतर त्यांना दोन कस्टमर आयडी राहिले, तर व्याजाची बेरीज होणार नाही आणि टीडीएस चुकेल. दोन्ही आयडी एकत्र करावेत, तर एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. पॅन एकाच ठिकाणी जोडलेला. शिवाय त्या आयडीवर लॉकर, पेन्शन, एटीएम, मोबाइल अॅप असं सगळं अवलंबून. एक बदललं की काय काय हलेल, याचा नकाशा आर्किटेक्टला आधी कागदावर काढावा लागतो. कोणता डेटा अधिकृत मानायचा, आधी काय हलवायचं, रात्री बिघडलंच तर मागे कसं फिरायचं, हे ठरल्यावरच कोड लिहायला घेतात.

नकाशा चांगला असून भागत नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांचा डेटा एकाच शनिवार-रविवारी नव्या सिस्टीमवर नेला. डेटा नीट गेला, पण सिस्टीम भार पेलू शकली नाही. दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच नीट चाचणी झाली होती, असं नंतरच्या चौकशीत निघालं. लाखो लोक आपल्याच खात्याबाहेर अडकले. २०२२मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला.

पालक विचारतात, असं काम करणारा आर्किटेक्ट व्हायला कोणती शाखा घ्यायची? कॉम्प्युटर किंवा आयटी इंजिनिअरिंग चालेल, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून एमसीएही चालेल. बारावीनंतर थेट आर्किटेक्ट होता येत नाही. काही वर्षं साधं प्रोग्रामिंग, डेटाबेस आणि रात्री-अपरात्री बंद पडलेल्या सिस्टीम सांभाळाव्या लागतात. आर्किटेक्चरची टोगाफसारखी सर्टिफिकेट त्यानंतरची, आणि माझ्या मते दुय्यम. विद्यार्थ्यांनी डेटाबेस, नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे विषय परीक्षेपुरते वाचून सोडू नयेत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नवा कोरा करण्याऐवजी एखाद्या पतसंस्थेच्या किंवा ग्रंथालयाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा नकाशा काढून पाहा. दुसऱ्याने लिहिलेलं वाचण्याचा कंटाळा असेल, तर हे क्षेत्र तुमचं नाही. तसं आताच कळलेलं बरं.

पालकांना एकच विनंती: सहा महिन्यांत आर्किटेक्ट बनवतो म्हणणाऱ्या क्लासची फी भरू नका.